एका दाराचा दोनदा गूळ

महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्यानं मागच्या महिन्यात माझ्याकडून चाळीस जुन्या कड्या नेल्या. दारांना लावायला नव्हे, भिंतीला. जेवायच्या खोलीत त्या ओळीनं टांगल्या आहेत, वरून पिवळे दिवे सोडले आहेत, आणि खाली पर्यटक स्ट्रॉबेरी खात बसलेत, असा फोटो त्यानं मला मोबाइलवर पाठवला. कड्या छान दिसत होत्या, खोटं कशाला बोलू? पण कोयंडे नकोत म्हणाला तो. चाळीस कोयंडे माझ्या दुकानात एका डब्यात पडून आहेत आणि येता-जाता माझं त्यांच्याकडे लक्ष जातं. कडी एकीकडे आणि कोयंडा एकीकडे, हे बघायची माझ्या डोळ्यांना अजून सवय नाही. पुण्याची माणसं येतात, त्यांना जुनी खिट्टी हवी असते, पण गंज नको असतो. काहीजण नवीन खिट्टी आणून म्हणतात, ‘मावशी, हिला जरा जुनी करून द्या ना.’ मी देते करून. माझी स्वतःची साठी उलटली आहे. जुनं करायला काहीच लागत नाही, फक्त थांबावं लागतं, हे त्यांना कोण सांगणार?

आमचं घर कराडात, कृष्णेच्या घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत. पुढच्या भागात अब्बांची भट्टी, मागच्या भागात आम्ही, आणि मधे गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे अम्मीचं राज्य, पलीकडे अब्बांचं. धूर मात्र दोन्ही राज्यांत सारखाच फिरायचा. सकाळी अम्मीच्या भाकरीची थापथाप थांबली की पलीकडे हातोडा सुरू व्हायचा, आणि त्या दोन आवाजांच्या मधे जो काय क्षणभर वेळ मिळायचा त्यात आम्ही चहा प्यायचो. भट्टीच्या कडेला गरम राखेत मी वांगी खुपसून ठेवायचे. अम्मीला ते खपायचं नाही. वांग्याला लोखंडाचा वास येतो, असं ती म्हणायची, आणि मग शेंगदाण्याचा कूट घालून केलेलं ते भरीत सगळ्यांपेक्षा जास्त तीच खायची. मोहरमात ती चोंगे करायची. लाकडी साच्यावर नक्षी उठवलेले ते गोड चोंगे बघून अब्बा दरवर्षी एकच विनोद करायचे, की ही नक्षी माझ्या बिजागरीवर हवी होती. आम्ही दरवर्षी हसायचो.

घरात आम्ही जी बोली बोलायचो तिच्यात मराठी आणि हिंदी अशी कालवलेली होती, की ती कागदावर उतरवली तर दोन्हीकडची माणसं हसतील. भट्टीवर मात्र अब्बांची भाषा अस्सल इथल्या मातीची. लोखंडाला हिंदी कळत नाही, असं त्यांचं मत होतं. बाजारात तेव्हा पत्र्याच्या स्वस्त कड्या यायला लागल्या होत्या आणि नवी घरं तिकडे वळली होती. अब्बांकडे यायची ती जुनी घरं. कुणी पिशवीतून कडी घेऊन आला की अब्बा ती आधी बघायचे नाहीत. कानाशी नेऊन हलवायचे. ‘ही खालनं झिजलीया. तुमच्यात दार कुणीतरी लाथंनं उघडतंय,’ असं म्हणायचे, आणि आणणारा माणूस ओशाळा व्हायचा, कारण ते खरं असायचं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या घरांच्या कड्या मला आवाजावरून ओळखता यायच्या. शेजारच्या मास्तरांची कडी किणकिणायची, समोरच्या तेलवाल्यांची नुसती धप्प वाजायची. आमची स्वतःची कडी मात्र वर्षभर मोडकी होती. ती दुरुस्त करायला अब्बांना वेळ नव्हता.

अब्बांचं खरं नाव झालं होतं ते चोरखिट्टीमुळे. जुन्या मोठ्या दारांवर बाहेरून पितळी किंवा लोखंडी फुलं ठोकलेली असतात, ती सगळ्यांनी पाहिली असतील. त्यांतलं एखादंच फूल नुसतं शोभेचं नसतं. आतल्या बाजूला एक जड लोखंडी खिट्टी असते. दार ओढून घेतलं की ती आपल्या वजनानं खाली पडते आणि दार आतून बंद होतं. मग बाहेरून उघडायचं तर ते एकच फूल हेरायचं, थोडं ओढायचं, ठरलेल्या बाजूला ठरल्याइतकं फिरवायचं. आत खिट्टी उचलली जाते. किल्ली नाही, कुलूप नाही. कोणतं फूल आणि कसं फिरवायचं, त्याला आमच्यात खूण म्हणायचे.

या खुणेचा एक रिवाज होता. दार बसवून झालं की कारागिरानं खूण घरातल्या एकाच माणसाला सांगायची, आणि ती घरच्या बाईलाच. मालकाला नाही. आमच्याकडचे मालक घरी असतात कुठे? कुणी पलटणीत, कुणी विट्याकडचे असले तर सोनं गाळायच्या धंद्यात लांब कुठल्या तरी शहरात. दार राखायचं तिनं, म्हणून खूण तिची. सगळ्यांना बाहेर काढून कारागीर तिला खूण दाखवायचा. मग ती त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची. तो त्यानं तिथंच उंबऱ्यापाशी खायचा आणि म्हणायचं, ‘दार तुमचं, खूण तुमची.’ गूळ खाल्ल्यावर त्या फुलाला कारागिरानं परत हात लावायचा नाही आणि त्याबद्दल जन्मभर बोलायचं नाही. एक दार, एक बाई, एक गूळ. अब्बा बाकी कशालाही हसायचे, याला नाही.

मला या कामात कुणी आणलं नाही. भाऊ साखर कारखान्यात लागला, भाता ओढायला कुणी नव्हतं, म्हणून मी पडद्याच्या पलीकडे गेले आणि परत आलेच नाही. एकोणिसाव्या वर्षी माझ्या हातावर कानशीचे घट्टे होते. अम्मी माझे हात हातात घेऊन बघायची आणि निकाहाच्या काळजीनं सुस्कारे टाकायची. तिनं माझ्यासाठी शिवणाचं मशीन ठरवून ठेवलं होतं. मला मशीन नको होतं. मला ठसा हवा होता. प्रत्येक कारागिराचा स्वतःचा पोलादी ठसा असतो. काम झालं की खिट्टीच्या मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तो उठवायचा. अब्बांचा ठसा म्हणजे चंद्रकोर आणि खाली एक टिंब. ज्याला ठसा नाही तो कारागीर नाही, नुसता मदतनीस.

विट्याजवळच्या एका गावाहून सर्जेराव आले तेव्हा हा प्रश्न निकालात निघायची वेळ आली. सर्जेरावांचा कोइमतूरला सोनं गाळायचा धंदा. अठरा वर्षांनी गावात नवं घर बांधलं होतं, सिमेंटचं, गच्चीचं. पण दार मात्र आजोबांच्या पाडलेल्या घराचं काढून ठेवलं होतं, सागवानी, दोन झडपांचं, लोखंडी फुलांचं. खिट्टी गंजून दगड झाली होती. ती सोडवून त्यांना त्या दाराला परत चोरखिट्टी हवी होती, वास्तुशांतीच्या आधी.

अब्बांनी खिट्टी माझ्यापुढे टाकली. मी ती रॉकेलमध्ये भिजवली, सोडवली, घासली. घासताना दिसलं, की तिला दोन भोकं आहेत. एकातून फुलाचा दांडा जातो. दुसरं कशाला, ते कळेना.

मी विचारलं, ‘अब्बा, हे दुसरं बुजवू का?’

‘नको. जुन्या माणसानं ठेवलंय, ऱ्हाऊ दे.’

‘पण कशाला ठेवलंय?’

‘लोहाराला चुकायला जागा नगो व्हय?’ म्हणाले आणि हसत भाता ओढायला लागले. मग भाता थांबवून म्हणाले, ‘हे दार तू एकटीनं बसीव, जैतून. खूण तू सांग, गूळ तू खा. आठ दिवसांत तक्रार आली न्हाई तर ठसा तुला करून देतो. आली तर मग अम्मीचं मशीन. कबूल?’

पडद्याआडून अम्मी म्हणाली, ‘मेरेकू कबूल हाय.’ मी पण हो म्हटलं.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी अब्बांनी मला एसटीनं तिथे सोडलं आणि ते त्यांच्या कामाला विट्यात पुढे गेले. दुसऱ्या दिवशी चार वाजता न्यायला येतो म्हणाले. चैत्र संपत आला होता, सोनं गाळणारे सगळे गलाईवाले जत्रेला गावी आलेले, आणि त्या माळावर वारा असा की डोक्यावरचा पदर एका हातानं धरूनच चालावं लागे. आज तिथे पवनचक्क्या उभ्या आहेत. मला त्याचं नवल वाटत नाही. घरात वीस-पंचवीस बायका. त्या सगळ्यांना एकच बाई नाचवत होती. उंच, काळीसावळी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गवंड्याला दम देतीय, मंडपवाल्याला दम देतीय, मला बघितल्याबरोबर मलाही एक दम. ‘कराडच्या मिस्त्रीची पोर व्हय तू? मग हुबी काय ऱ्हायलीस? दार काय चालत येतंय?’ मला ती फार आवडली. दुसरी एक बारीकशी बाई कांदे चिरत बसली होती, साधं पातळ, मान खाली. तिनं मला न मागता तांब्याभर पाणी आणून दिलं. ती कामाला आलेली असेल असं मी धरून चालले. हा माझा गाढवपणा, आणि तो मी इथे लिहून ठेवते.

संध्याकाळच्या आत दार बसलं. मी त्या उंच बाईला विचारलं, ‘घरची बाई कोण? खूण सांगायची हाय.’

ती म्हणाली, ‘मीच की. दुसरं कोन हाय हितं?’

मी सगळ्यांना बाहेर काढलं, तिला खूण दाखवली. कोणतं फूल आणि कुठल्या बाजूला, ते इथे लिहिणार नाही, गूळ खाल्लाय. तिनं तीनदा फिरवून बघितलं आणि लहान मुलीसारखी हसली. मग आत जाऊन गुळाचा हा एवढा खडा घेऊन आली. मी तो खाल्ला, म्हटलं, ‘दार तुमचं, खूण तुमची,’ आणि रात्री ठशाची स्वप्नं बघत झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भटजींनी यजमानांना पाटावर बसवलं. सर्जेरावांच्या शेजारी, उपरण्याला गाठ मारून, नाकात नथ घालून बसली होती ती कांदे चिरणारी बाई. मी शेजारच्या पोरीला विचारलं, ‘ह्या कोण?’ ती म्हणाली, ‘आवं, सुमनकाकी. सर्जाकाकांची मंडळी.’ आणि ती किल्ल्यांवाली? ती हौसाक्का, सर्जेरावांची थोरली बहीण. म्हणजे मी भावजयीच्या घराची खूण नणंदेला सांगितली होती. मराठी वाचकांना यापुढे काही समजावून सांगायला नको.

मी स्वतःला समजावत होते, की कुणाला कळणार आहे? दुपारपर्यंत खरोखरच कुणाला कळलं नसतं. नव्या शेगडीवर उतू जायला दूध ठेवलं होतं, मंडपात खपली गव्हाच्या खिरीचा वास सुटला होता, आणि तेवढ्यात मामाकडचा आहेर वाजतगाजत आला म्हणून घरातलं झाडून सगळं माणूस अंगणात आलं. माळावरनं वावटळ उठली. दाराच्या दोन्ही झडपा धाडकन मिटल्या आणि आत खिट्टी पडल्याचा खणखणीत आवाज झाला. माझं काम इतकं चोख झालं होतं, की एरवी मला अभिमान वाटला असता.

मागचं दार आतून बंद, त्याला तांदळाची पोती टेकवलेली. खिडक्यांना गज. आत देवापुढे समई आणि शेगडीवर दूध. एक रिटायर सुभेदार पुढे येऊन म्हणाला, ‘तोडून टाकू की दोन मिंटात!’ भटजी म्हणाले, वास्तुशांतीच्या दिवशी दार तोडतात का? सगळे एकदम बोलायला लागले. तेव्हा सर्जेराव सगळ्यांपुढे हसून म्हणाले, ‘आरं, घाबरताय कशाला? खूण हाय की. सुमन, हो म्होरं. उघड.’

सुमनवहिनी जागच्या हलल्या नाहीत. ‘मला कुनी सांगितलीया?’ त्या म्हणाल्या.

सगळं अंगण माझ्याकडे बघायला लागलं. मला फुलाला हात लावायचा नव्हता, गूळ खाल्लेला. आणि लावला असता तरी दोनशे माणसांसमोर लावून त्या खुणेचं काय राहिलं असतं? तेवढ्यात हौसाक्का गर्दीतनं वाट काढत आल्या. ‘मला ठावं हाय. फिरवा तोंडं समद्यांनी. ए सुभेदार, तू बी!’ दोनशे माणसांनी दाराकडे पाठ केली. सुमनवहिनींनीही केली. खिट्टी उचलल्याचा आवाज झाला, दार उघडलं, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. दूध नेमकं तेव्हाच उतू जात होतं. भटजी म्हणाले, शुभ झालं. मंडळी हसत पंगतीला पळाली. मी एकटी सुमनवहिनींकडे बघत राहिले. नथ सारखी करायच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसले होते.

मी स्वयंपाकघरात जाऊन त्यांचे पाय धरले. म्हटलं, ‘चूक माझी आहे वहिनी, मी नीट विचारलं नाही.’

‘ऊठ गं,’ त्या म्हणाल्या. ‘तुजा काय दोष? अठरा वरसं त्या गावात भट्टीच्या मागं ऱ्हायलो आमी. दार म्हंजे नुसता पत्रा. म्हटलं हुतं, आपलं घर झालं की आपल्या दारची खूण कुनीतरी आपल्या कानात सांगंल. एवढंच मनात धरलं हुतं. आनी काय न्हाई.’

मला स्वतःची अशी लाज वाटली की ठसा, मशीन सगळं विसरले. ठरवलं, खूणच बदलायची. फुलाची बाजू उलटी करायची, सुमनवहिनींना दाखवायची, हौसाक्कांची खूण बाद. पिशवी घेऊन दाराशी गेले, तर तिथे हौसाक्का. पंगत सोडून खोबरेल तेलाचा बोळा घेऊन त्या दार पुसत होत्या.

मला बघून म्हणाल्या, ‘ह्या घराच्या भिंतींस्नी दोन उन्हाळं पानी मी घातलंय, पोरी. डोस्क्यावरनं आनून. माझं मानूस गेलं तवापासनं ह्या गावात माझं म्हनाय काय न्हवतं. आता ही समदी आठ दिसांत कोइमतूरला जातील. मग मी हाय आन हे दार हाय.’ आणि तेलाचा हात फिरवता फिरवता त्या विशिष्ट फुलावर आला की त्यांची बोटं जरा जास्त वेळ थांबत होती.

आता सांगा, घरची बाई कोण? जिचं घर ती, की जी घरात राहणार ती? अब्बांच्या रिवाजात या दोघी एकच असायच्या. इथे त्या दोन होत्या, आणि दोघींपैकी एकीकडून ती खूण काढून घ्यायची ताकद माझ्या हातात नव्हती. मी दाराच्या मागे जाऊन उकिडवी बसले, खिट्टीकडे बघत. आणि ते दुसरं भोक दिसलं.

मी हौसाक्कांना म्हटलं, ‘आक्का, वाऱ्यानं खिट्टी सैल पडलीय, कसायला पाहिजे. तुम्ही जेवून घ्या.’ त्या गेल्या. मी सुमनवहिनींना बोलावून दार आतून लावून घेतलं. पिशवीत एक जादा दांडा होता. दुसऱ्याच एका फुलाच्या मागे गिरमिटानं भोक पाडलं, दांडा घातला, कानस मारली, आणि तो खिट्टीच्या रिकाम्या भोकात बसवला. बसला, तो असा की जणू कुणी माप देऊन ठेवलं होतं. त्या दुपारी मला कळलं, की शंभर वर्षांपूर्वी कुठला तरी लोहार याच पेचात सापडला असणार. बाहेर खिरीच्या दुसऱ्या वाढीचा गलका चालला होता आणि सुमनवहिनी माझ्या शेजारी बसून, नथ काढून पदराला बांधून, माझ्या हातात एकेक खिळा देत होत्या. मग मी त्यांना बाहेर नेलं आणि त्यांच्या कानात खूण सांगितली. अगदी कानात. त्यांनी फूल फिरवलं, खिट्टी उचलली गेली, आणि त्यांनी तोंडावर पदर धरला.

गूळ आणताना त्या अडखळल्या. ‘पन तू कालच खाल्लास न्हवं?’

‘तो आक्कांच्या हातचा. हा तुमच्या. आणि वहिनी, आक्कांना बोलायचं नाही.’

‘न्हाई बोलत. त्येंची त्येंच्यापाशी ऱ्हाऊ दे,’ त्या म्हणाल्या, आणि त्या बोलण्यात राग नव्हता.

मी तो गूळ खाल्ला. एका दाराचा दोनदा गूळ खाणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच असेन, असं तेव्हा वाटलं.

चार वाजता अब्बा आले. त्यांनी दार एकदा ओढून घेतलं, कान देऊन ऐकलं. ‘आवाज जरा जाड झालाय गं.’

‘वाऱ्यानं आपटलं दुपारी.’

‘व्हय?’ म्हणाले. एसटीत बसल्यावर विचारलं, ‘खूण कुणाला सांगितलीस?’

‘घरच्या बाईला.’

‘गूळ खाल्लास?’

‘खाल्ला.’

कराड येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. खोटं एकही बोलले नव्हते आणि खरं एकही सांगितलं नव्हतं.

आठव्या दिवशी रिवाजाप्रमाणे अब्बा बिजागऱ्यांना तेल द्यायला त्या घरी गेले. तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. अम्मीनं रस्सा केला होता, माझा आवडता, सुकं खोबरं भाजून घातलेला. मला तो मातीसारखा लागला. संध्याकाळी अब्बा आले, हात धुतले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवून पोलादाचा एक तुकडा घेतला आणि दिवसभर स्वतः कानशीनं घासत बसले. शुक्रवारी नमाजाहून आल्यावर माझ्या हातात ठसा ठेवला. त्यांच्यासारखीच चंद्रकोर, पण खाली दोन टिंबं. ‘तुझा,’ एवढंच म्हणाले. एक टिंब त्यांचं आणि दुसरं माझं, असा मी अर्थ लावला. मला रडू आलं, ते आनंदानं आलं असं सगळ्यांना वाटलं. अम्मीनं मशीनचा विसार परत आणला आणि त्याची साडी घेतली. अब्बा पुढे पुष्कळ वर्षं जगले, आणि मी हे त्यांना सांगायचं रोज उद्यावर ढकलत राहिले. शेवटी ते गेले. तो ठसा मी शेकडो खिट्ट्यांवर उठवला. प्रत्येक वेळी मनात एक कुसळ टोचायचं, की हा मी फसवून मिळवलाय.

यंदा जत्रेच्या सुमाराला त्या घरून फोन आला. नवी नातसून बोलत होती, तिकडे तमिळ मुलुखातच वाढलेली, मराठी जरा गाण्यासारखी बोलते. खिट्टी जड झालीय, बघायला याल का, म्हणाली. मी गेले. ओट्यावर दोन म्हाताऱ्या शेंगा फोडत बसल्या होत्या. धंदा मुलाकडे सोपवून सुमनवहिनी दहा वर्षांपूर्वीच कायमच्या गावी आल्या होत्या. हौसाक्का अजून ताठ होत्या, फक्त किल्ल्यांचा जुडगा आता नातसुनेच्या कमरेला होता.

मी तेलपाणी केलं. मग हौसाक्का म्हणाल्या, ‘जैतून, ह्या पोरीला आमी खूण सांगितलीया. दोनी.’

मी तेलाची बुधली खाली ठेवली. ‘दोन्ही म्हणजे?’

सुमनवहिनी हसायला लागल्या. ‘आगं, आमाला तिसऱ्याच दिशी कळलंतं. रानातनं दोगी मिळूनच आलो. दार झाकलेलं. आक्का म्हनत्यात, सुमे, तू जाऊन हिरीवरनं कळशी आन. मी म्हनतीया, न्हाई आक्का, तुमीच आना. अर्दा तास हुबं उनात! शेवटी आक्का म्हनल्या, मर, फिरव तोंड. मी म्हटलं, तुमी फिरवा. मग दोगींनी बी हात घातला.’

‘दोन फुलं, दोन हात,’ हौसाक्का म्हणाल्या. ‘तितंच खाली बसून हसलो. तवापासनं आमचं भांडान झालं ते निस्तं मिठामिर्चीवरनं.’

मी म्हटलं, ‘मला कधी बोलला नाहीत!’

‘कशाला बोलायचं? तुजा बा आलाता की आठव्या दिशी,’ सुमनवहिनी म्हणाल्या. ‘त्यानं दार हालवलं, कान दिला, म्हनला, आत दोन दांडं हायत. आमी घाबरलो. म्हटलं, मिस्त्री, पोरीला बोलू नगासा, तिनं लय चांगलं केलंय. तो दाराम्हागं जाऊन बसला. लय येळ बसला. मग भाईर येऊन म्हनला, गूळ आना.’

‘कुणाच्या हातचा?’ मी विचारलं.

‘दोगींच्या बी,’ हौसाक्का म्हणाल्या. ‘दोन खडं खाल्लं बाबानं. आन म्हनला, दार तुमचं, खूण तुमची. गूळ खाल्ल्यावर त्यो तरी कसा बोलंल तुला?’

मी लिहीत असलेल्या पुस्तकात हे घालू का, असं मी दोघींना विचारलं. फुलं सांगू नको आणि नावं बदल, म्हणाल्या. नावं बदलली आहेत.

कराडला येईपर्यंत दुकान बंद करायची वेळ झाली होती. चाळीस कोयंड्यांचा डबा बाजूला सारून मी मागचा खण उघडला आणि ठसा हातात घेतला. वापरून वापरून चंद्रकोर बोथट झाली आहे, पण खालची दोन टिंबं अजून शाबूत आहेत, कारण ती त्यांनी मुद्दाम खोल कोरली होती. त्यांतलं एक अब्बांचं आणि एक माझं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. ती दोन्ही माझीच होती, एक आक्कांच्या गुळाचं आणि एक वहिनींच्या.